बागेच्या बदल्यात बाग : हिशेब नक्की कुठे चुकतोय?

ओटलेकर · सोमवार, सकाळी ८.४०

मंडळी, नमस्कार. एरवी मी खाण्यापिण्याच्या धाग्यांवर पडीक असतो, आज जरा वेगळं.

इथे वडोदऱ्यात आमच्या सोसायटीच्या नाक्यावर एक छोटी बाग आहे. दोन हजार वार असेल-नसेल. तीन कडुनिंब, एक बकुळ, घसरगुंडी, दोन झोके (एकाची साखळी तुटली म्हणून गाठ मारलीय, त्यामुळे तो वाकडा झुलतो आणि पोरांना नेमका तोच हवा असतो) आणि सहा बाकडी. त्यातलं एक बाकडं आमचं, म्हणजे सकाळच्या पाच म्हाताऱ्यांचं.

गेल्या आठवड्यात त्या बाकड्यावर बातमी आली. बातमी कसली, कानगोष्टच. कागद मी पाहिलेला नाही, म्हणून कोण देणार, कोण घेणार, कुठला वॉर्ड, काही लिहीत नाही. तुम्हीही तर्क लढवू नका. बोलणं असं आहे की नाक्यावरची ही जागा रस्त्याला लागून आहे, ती सोडायची आणि बदल्यात मागे कांसेच्या (म्हणजे नाल्याच्या) काठाला साडेतीन हजार वार बागेसाठी घ्यायची.

शेजारचा मुलगा इंजिनियर आहे, हुशार आहे. तो म्हणाला, "काका, नुकसान काय? दोन देऊन साडेतीन घेतोय आपण. फायदाच ने?"

मला उत्तर सुचलं नाही. गणित त्याचं बरोबर होतं. तरी घरी आल्यावर चहा घेताना राहून राहून वाटत होतं की यात कुठेतरी खोट आहे. ती कुठे आहे ते सांगा. आणि बाग अशी बदलून घेता येते का, कायद्यात काय आहे, तेही.

खवचट_खंडेराव · सोमवार, ९.०५

खंडेराव मार्केटात जाऊन सांगून बघा, "पाव किलो आंबे परत घ्या आणि अर्धा किलो दुधी द्या." वजनात तुमचा फायदाच आहे.

ओटलेकर · सोमवार, ९.१२

हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं.

काळा_डगला · सोमवार, ११.३०

ओटलेकर, आधी एक सांगा. ही बाग सोसायटीचा कॉमन प्लॉट आहे, की टीपीमधला (टाउन प्लॅनिंग स्कीम, नगररचना योजना) बागेचा प्लॉट, की डीपीतलं (डेव्हलपमेंट प्लॅन, शहराचा विकास आराखडा) नुसतं आरक्षण? तिघांचे रस्ते तीन दिशांना जातात आणि लोक सर्रास गल्लत करतात.

कॉमन प्लॉट सभासदांचा. मोठ्या प्लॉटवर बांधकाम करताना नियमावलीप्रमाणे १० टक्के जागा त्यासाठी मोकळी सोडावी लागते. तिथे तुमची भांडणं कमिटीशी आणि रिडेव्हलपमेंट निघालं तर बिल्डरशी. बाहेरच्या माणसाचा त्यावर हक्क नाही.

डीपीतलं आरक्षण म्हणजे जागा अजून मूळ मालकाचीच, फक्त नकाशावर हिरवी. १९७६ च्या आपल्या गुजरात नगररचना कायद्याच्या कलम २० प्रमाणे दहा वर्षांत ती संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देतो, आणि त्यानंतर सहा महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडतं.

टीपीतली बाग मात्र वेगळी. कलम ४० मध्ये योजनेच्या एकूण जमिनीतून कशाला किती काढायचं ते टक्क्यांत लिहिलंय. १५ रस्त्यांना, ५ बागा, मैदानं आणि मोकळ्या जागांना, ५ शाळा-दवाखाना-अग्निशमन असल्या सोयींना, १५ विक्रीसाठी. विकासाचं स्वरूप पाहून हे टक्के कमीजास्त करायची मुभाही तिथेच आहे. योजना अंतिम झाली की अशी बाग सार्वजनिक. आसपासच्या प्रत्येक जमीनमालकाने कपात सोसून तिला जागा दिलेली असते. ही कोणाची मेहेरबानी नाही, तुमच्या सोसायटीच्या मूळ शेतकऱ्याच्या शेतातला तुकडा आहे तो.

पेन्सिल_२एच · सोमवार, दुपारी १.१५

वकीलसाहेबांनी बरोबर सांगितलं. मी टीपीचे नकाशे काढण्यात एकतीस वर्षं घालवली, म्हणून दोन शब्द.

नाक्यावरची म्हणजे बहुतेक टीपीचीच असणार. ओटलेकर, एफ फॉर्म काढा, म्हणजे योजनेतल्या प्लॉटांचा तक्ता. त्यात तुमच्या बागेचा ओपी (मूळ प्लॉट) कुठला, एफपी (योजनेत शेवटी पडलेला प्लॉट) नंबर काय, क्षेत्रफळ किती आणि प्लॉट कशासाठी दिलाय, सगळं एका ओळीत मिळेल. सोबत पार्ट प्लॅन, म्हणजे तेवढ्या भागाचा नकाशा, घ्या. ती ओळ हातात आल्याशिवाय बाकड्यावरच्या कुठल्याही बातमीला अर्थ नाही.

आता कबुलीजबाब. खाली ओपीचा नकाशा, वर एफपीचं ट्रेसिंग. आधी रस्ते, मग मालकांचे प्लॉट चौकोनी करून बसवायचे, कारण तिरका प्लॉट मिळाला की मालक सुनावणीला तावातावाने येतो. सगळ्यांचं बसवून झालं की उरतो एक त्रिकोणी तुकडा. तो हिरवा. बागेच्या वतीने सुनावणीला कोण येणार? माझ्या हाताने अशा किती बागा सरकल्या असतील, मोजलं नाही. तुमची बाग नाक्यावर, रस्त्याला लागून आहे म्हणता, म्हणजे कोणीतरी मुद्दाम तिथे ठेवलीय. त्याला माझा नमस्कार.

पण ही सरकवासरकवी योजना मंजूर होईपर्यंतची. नंतर एफपीला हात लावायचा तर आकडेमोडीतली किंवा प्रक्रियेतली चूक असेल तर कलम ७०, नाहीतर बहुतेक वेळा कलम ७१, म्हणजे पहिल्या योजनेत बदल करणारी दुसरी योजनाच आणावी लागते. पुन्हा मसुदा जाहीर करणं, एक महिना हरकती, राज्य सरकारची मंजुरी, सगळं आलं.

विटा_आणि_वाळू · सोमवार, दुपारी ३.५०

मी बांधकामातला माणूस, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

अख्खी टीपी म्हणजे दुसरं काय, जमिनींची अदलाबदलच की. शेतकऱ्याचा वेडावाकडा तुकडा घेतला, त्याला दुसरा नीटनेटका दिला. त्यावर वडोदरा, अहमदाबाद, सुरत उभी राहिली. मग बागेचा एक प्लॉट हलला तर इतका गहजब का? रस्त्यावरच्या बागेत दिवसभर धूर, हॉर्न आणि संध्याकाळी पार्किंग. मागे शांतता, जागा दीडपटीहून जास्त. जुनी बाग देवळासारखी हलवायचीच नाही, हा हट्ट बरोबर नाही. कमाटीबाग, शहराची ती मोठी जुनी बाग, कोणी हलवायला निघालं तर मीही तुमच्यासोबत धरणं धरेन. पण प्रत्येक दोन झोक्यांच्या बागेला कमाटीबागेचं सोवळं नको.

दोन_मुलांची_आई · सोमवार, संध्याकाळी ६.२०

विटा-वाळू दादा, तुमचं म्हणणं कळलं. माझ्याकडची गोष्ट सांगते.

आमच्या खालीही अशीच एक बाग आहे. संध्याकाळी सहाला मी डाळ गॅसवर ठेवते, दोघं खाली जातात. मोठी नऊ वर्षांची, धाकटा चार. तीन शिट्ट्या होईपर्यंत मी चार वेळा गॅलरीत जाऊन बघते. पिवळा टीशर्ट दिसला की परत आत. हे रोजचं.

ही बाग पाचशे मीटर मागे गेली, मध्ये एक रस्ता आला, तर ती भले तिप्पट मोठी होऊ दे, माझ्या मुलांसाठी ती आठवड्यातून एकदा, रविवारी, बाबांना वेळ असेल तर. जागा वाढली आणि खेळणं कमी झालं. हे तुमच्या वारांमध्ये कुठे मोजतात?

रावपुरा_टू_रॅरिटन · सोमवार, रात्री ११.४० (इथे दुपार)

ताईंनी जे डाळीच्या शिट्ट्यांत सांगितलं, त्यासाठी अमेरिकेच्या कायद्यात चक्क शब्द आहेत. ओटलेकर, तुमचं उत्तर मला वाटतं तिथे मिळेल.

१९६५ चा लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंडचा कायदा. केंद्राचा पैसा घेऊन जी बाग केली किंवा सुधारली, ती बागच राहिली पाहिजे. दुसऱ्या कामाला वळवायची असेल तर केंद्राची परवानगी, आणि बदल्यात दुसरी जागा. ती कशी हवी? बाजारभावाने निदान तेवढ्याच किमतीची, आणि उपयोग व ठिकाण या दोन्ही बाबतींत जवळपास तोडीस तोड. किंमत, उपयोग, ठिकाण.

यात क्षेत्रफळ आहे का बघा. नाही. तुमच्या इंजिनियरने जो एकच आकडा मोजला, तो या कसोटीत नावालाही नाही.

न्यू यॉर्क राज्यात याहून कडक. शहराची बाग ही जनतेच्या नावाने विश्वस्त म्हणून धरलेली मालमत्ता, हा तिथला जुना न्यायालयीन सिद्धांत. महापौराला वाटलं, नगर परिषदेने ठराव केला, एवढ्यावर बाग दुसऱ्या वापराला देता येत नाही. शहराने राज्याकडे विनंती करायची, राज्याच्या दोन्ही सभागृहांनी त्या एका बागेसाठी वेगळा कायदा करायचा, गव्हर्नरने सही करायची. त्या कायद्यात कुठली जागा जाते आणि बदल्यात कुठली येते हे लिहिण्याची पद्धत आहे.

काळा_डगला · मंगळवार, सकाळी १०.१०

रावपुरा, मॅसॅच्युसेट्सही जोडा. तिथे १९७२ पासून राज्यघटनेच्या ९७ व्या दुरुस्तीने अशा जमिनीचा वापर बदलायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. २०२२ मध्ये त्यावर आणखी कायदा केला की साधारणपणे बदल्यात जागा द्यायची. इंग्लंडमध्ये २००६ च्या कॉमन्स कायद्याचं कलम १६ आहे. गावच्या सामायिक माळाचा २०० चौरस मीटरपेक्षा मोठा तुकडा नोंदीतून काढायचा असेल तर अर्जासोबतच बदलीची जागा दाखवावी लागते. त्याहून लहान असला तरी शेजारपाजार, निसर्ग, लोकांची ये-जा हे सगळं तपासतात.

आपल्याकडे बागांसाठी वेगळे कायदे तमिळनाडूत १९५९ आणि कर्नाटकात १९८५ पासून आहेत. गुजरातच्या कायद्यात योजना बदलण्याचा रस्ता आहे, पण बदलीची बाग कशी असावी याची किंमत-उपयोग-ठिकाण अशी मोजपट्टी नाही. ती जागा आपल्याकडे बऱ्याच अंशी कोर्टाने भरून काढलीय.

१९९१ चा बंगळुरूचा निकाल. राजमहाल विलास एक्स्टेन्शनमधली बागेची जागा खासगी नर्सिंग होमसाठी एका ट्रस्टला दिली होती. बाजू अशी मांडली की दवाखानाही लोकोपयोगीच. सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. बागेची जागा खासगी दवाखान्याला देणं हा सुधारणेचा भाग होत नाही, आणि तिथले रहिवासी याविरुद्ध कोर्टात येऊ शकतात, हे दोन्ही स्पष्ट केलं. दुसरा मुद्दा फार मोलाचा. त्याआधी पहिला प्रश्न यायचा, "तुमचं काय नुकसान झालं? जमीन तुमची आहे का?"

दुसरा १९९९ चा, लखनौच्या अमीनाबादमधल्या झंडेवाला पार्कचा. बागेखाली भुयारी बाजार बांधायला काढला होता. वर बाग राहीलच, असं सांगितलं होतं. कोर्टाने बांधकाम पाडून बाग पूर्ववत करायला लावली.

पोहे_जिरावन · मंगळवार, दुपारी १२.४५

इंदूरकर हजर. "वर बाग राहीलच" वाचून हसू आलं, तेही कडू.

आमच्या कॉलनीच्या बगिच्यात पाण्याच्या टाकीचं काम निघालं. टाकी हवीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. कोपऱ्यातला एक भाग "काम होईपर्यंत" पत्रे लावून बंद केला. टाकी झाली, नळाला पाणी आलं, सगळे खूश. पत्रे आजही तिथेच आहेत आणि आत पाइप, सिमेंटचे तुटके चेंबर आणि कोणाचा तरी लोडिंग रिक्षा. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता, आता त्याला मिशा फुटल्यात. आम्ही स्वच्छतेत कित्येक वर्षं देशात पहिले आलो असल्यामुळे पत्र्यांवर चित्रं मात्र फार सुंदर काढलीत.

विचारायचं होतं ते असं की तात्पुरतं घेणं यात धरतात का?

रावपुरा_टू_रॅरिटन · मंगळवार, रात्री १०.५५

जिरावनभाऊ, धरतात. न्यू यॉर्कच्या ब्रॉंक्स भागात व्हॅन कॉर्टलंड पार्क आहे. शहराला तिथल्या गोल्फ मैदानाखाली पाणी शुद्धीकरणाचा कारखाना बांधायचा होता. म्हणणं हेच, की बांधकाम जमिनीखाली, काम झाल्यावर वर पुन्हा हिरवळ. २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कित्येक वर्षं लोकांना तो भाग वापरता येणार नाही, म्हणजे बाग काढून घेणंच झालं, विधिमंडळाची मंजुरी आणा. पाणी गरजेचं नाही असं कोर्ट म्हणत नव्हतं. मग २००३ मध्ये कायदा झाला आणि मोबदला म्हणून ब्रॉंक्समधल्या बागांसाठी पैसा आला.

आता कायदा असूनही काय होतं, तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल इथे रामराज्य आहे.

यांकी स्टेडियम. बेसबॉलचं नवं स्टेडियम जुन्याच्या समोर बांधायचं होतं. समोर होतं मॅकॉम्ब्स डॅम पार्क आणि मुलाली पार्कचा भाग. २००५ च्या जूनमध्ये विधिमंडळाने कायदा करून ती जमीन मोकळी केली. केंद्राचाही पैसा तिथे लागलेला असल्याने वरची किंमत-उपयोग-ठिकाणाची कसोटीही आली. सगळे कागद पूर्ण. २००६ मध्ये खोदकाम, २००९ च्या एप्रिलमध्ये नवं स्टेडियम चालू.

आणि बदलीची बाग? तिचा मोठा भाग जुनं स्टेडियम पाडून त्याच जागी व्हायचा होता. म्हणजे आधी नवं बांधून होणार, मग जुनं पडणार, मग बाग. ती मैदानं २०१२ ला उघडली. धावपट्टी गाडीतळाच्या छतावर आली. टेनिसची कोर्टं गेली हायवेपलीकडे, हार्लेम नदीच्या काठाला. एक सलग बाग होती, तिचे तुकडे झाले आणि ते गावभर वाटले.

त्या काळात माझं काम त्या बाजूला असायचं. चार नंबरची ट्रेन १६१ व्या रस्त्यावर उंचावरून जाते, खिडकीतून सगळं दिसतं. एका बाजूला चकचकीत नवं स्टेडियम, दुसऱ्या बाजूला जुन्याचा सांगाडा आणि मातीचे ढीग. खाली शाळेची पोरं गणवेशात बॅट घेऊन कुठेतरी लांब चाललेली. २००६ मध्ये जो दहा वर्षांचा होता, तो २०१२ मध्ये सोळाचा झाला. त्याची बाग त्याला मिळाली, पण तोवर त्याचं खेळायचं वय गेलं होतं.

खवचट_खंडेराव · मंगळवार, रात्री ११.२०

म्हणजे कायदा, कोर्ट, गव्हर्नर सगळं असून अमेरिकेतही "कांसेच्या काठाला" च. फक्त तिकडे कांसेला हार्लेम नदी म्हणतात.

विटा_आणि_वाळू · बुधवार, सकाळी ८.३०

रावपुरांची पोस्ट दोनदा वाचली. माझा मुद्दा थोडा सुधारून घेतो. अदलाबदल करता येते, पण आधी नवी बाग उभी करा, झोके लावा, दिवे लावा, लोकांना वापरू द्या, मग जुनीला हात लावा. यात बिल्डरचंही भलं आहे, कोर्टकज्जे टळतात.

पण किंमतीच्या कसोटीत एक गोम आहे, ती आमच्या धंद्यातल्यांनाच दिसेल. किंमत कशाने धरणार? बाजारभावाने, की जंत्रीने, म्हणजे सरकारी दराने? दोन्ही प्लॉट एकाच व्हॅल्यू झोनमध्ये निघाले तर जंत्रीत नाक्याचा आणि कांसेच्या काठाचा भाव एकच. मग साडेतीन हजार वार कागदावर दोन हजारांच्या पावणेदोनपट "महाग". २०२३ मध्ये सरकारने जंत्री दुप्पट केली, तरी ही गोम तशीच राहते, दुप्पट झाली ती दोघांची. बाजारात विचाराल तर रस्त्यालगतच्या एका वाराला मागचे तीन-चार वार द्यावे लागतील. मी स्वतः देत नाही, म्हणून माहितीये.

पेन्सिल_२एच · बुधवार, सकाळी ९.००

याला म्हणतात प्रामाणिक माणूस. आमच्या काळी असे सुनावणीला येत नसत.

कारेलीबाग_७० · बुधवार, सकाळी ११.१०

मी फारशी लिहीत नाही, वाचत असते. पण कांसेचं नाव निघालं म्हणून.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीने धोक्याची खूण ओलांडली तेव्हा आमच्या मागच्या कांसेने रात्रीत रंग बदलला. एरवी तिच्यात घोट्याएवढं काळं पाणी. पहाटे तीनला कुत्री एकदम भुंकायची थांबली. मी टॉर्च मारला तर पाणी ओटल्याच्या दुसऱ्या पायरीला. नातू वरून ओरडला, "आजी, आत ये, मगर असेल." दुपारी गल्लीत खरंच मगर निघाली, दोरीने बांधून नेली. पाणी ओसरल्यावर उरला तो गाळ. कांसेलगतच्या मोकळ्या जागेत तो पुढे कितीतरी दिवस होता, वर पापुद्रा धरलेला, खाली पाय गुडघ्यापर्यंत जाईल असा.

तिथे म्हाताऱ्यांसाठी बाकडी ठेवणार असतील तर त्यांना पट्टेही लावा म्हणावं, विमानात असतात तसे.

पेन्सिल_२एच · बुधवार, दुपारी १.४०

आजी, दंडवत. पण नगररचनेच्या बाजूने एक सांगतो. कांसेच्या काठाला बाग असणं मुळात चूक नाही, उलट तिथे बागच हवी. पाण्याला पसरायला जागा मिळते, इमारती उभ्या राहत नाहीत. आपल्या कमाटीबागेतूनच विश्वामित्री वाहते. ११३ एकर, १८७९ पासून. पाणी येतं, जातं, झाडं उभी राहतात.

चूक कुठे होते, तर त्या जागेला नाक्यावरच्या बागेची बदली म्हणून धरण्यात. जिथे तसंही बांधता येणार नाही, अशी जमीन बागेच्या खात्यात जमा दाखवायची आणि बांधता येईल अशी खर्ची टाकायची. कांसेची बाग करा ना, जरूर करा. ती जास्तीची.

खवचट_खंडेराव · बुधवार, दुपारी २.०५

कमाटीबागेचं निघालंच आहे तर. सगळे म्हणतात महाराजांनी बाग दिली. १८७९ मध्ये सयाजीराव पंधरा-सोळा वर्षांचे होते, गादीचे अधिकार मिळाले १८८१ मध्ये. कारभार दिवाण टी. माधवरावांच्या हाती होता. धन्यवाद थोडे त्यांनाही द्या.

ओटलेकर · बुधवार, दुपारी २.३०

खंडेराव, तुम्ही लग्नातही आहेराच्या पाकिटावरचं शुद्धलेखन तपासत असाल.

दोन_मुलांची_आई · बुधवार, संध्याकाळी ५.५०

मला एक विचारायचंय. वनखात्याची जमीन धरण-रस्त्याला घेतली की दुसरीकडे झाडं लावतात, ती पद्धत बागेला लावतात का? म्हणजे "तुमची बाग घेतली, पण तालुक्यात अमुक ठिकाणी वृक्षारोपण केलं"?

काळा_डगला · बुधवार, रात्री ९.१५

ताई, तो १९८० च्या वन कायद्याखालचा प्रकार. वनेतर जमीन दिली तर तेवढ्यास तेवढी, ऱ्हास झालेल्या जंगलात झाडं लावली तर दुप्पट क्षेत्रावर. बघा, तिथे मोजमाप मुख्यतः क्षेत्रफळाचंच आहे. जंगलातला बिबट्या हरकत घ्यायला येत नाही, म्हणून ते खपून जातं. बागेला हा कायदा लागू नाही. पण विचार करण्याची ती सवय सगळीकडे पसरलीय, "इतकी गेली, तितकी दिली, विषय संपला". ओटलेकरांचा इंजिनियर शेजारी तीच सवय घेऊन बोलला.

बागा, उद्यानं, मैदानं या सोयी राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, ७४ व्या दुरुस्तीपासून नगरपालिकांच्या विषयांत आहेत. हरकत लिहिताना त्याचा उल्लेख करा, पण सगळा जोर त्यावर नको. जोर द्या तो मोजता येईल अशा गोष्टींवर. ते अंतर, तो रस्ता, ती पुराची खूण.

विटा_आणि_वाळू · बुधवार, रात्री ९.४०

आणि झाडांचा घेर. छातीच्या उंचीला फीत लावून. कडुनिंबाचा घेर लिहिला की समोरच्याला "नवी झाडं लावू" म्हणताना जरा जड जातं.

ओटलेकर · शुक्रवार, दुपारी ४.२०

अपडेट.

एफ फॉर्मची नक्कल मिळाली. दोन चकरा, एक अर्ज, आणि खिडकीवरची मुलगी मराठी निघाली म्हणून तिसरी चकर वाचली. एफपीच्या ओळीत उद्देशाच्या रकान्यात सरळ "गार्डन" लिहिलंय. पेन्सिलकाका, तुमचा अंदाज खरा. क्षेत्रफळ आम्ही समजत होतो त्यापेक्षा थोडं जास्त निघालं, म्हणजे कुंपणाच्या आत आलेली ती पानाची टपरी बागेतच आहे. तो वेगळा धागा.

योजनेत बदल करणारा कुठलाही मसुदा जाहीर झालेला नाही. म्हणजे सध्या तरी बातमी बाकड्यावरचीच. पण उद्या निघालाच तर हरकतीला महिनाच असेल, म्हणून आतापासून कागद करून ठेवतोय.

काल संध्याकाळी एक केलं. आमच्या गटात एक आजी आहेत, ८१ वर्षांच्या, काठी घेऊन चालतात. त्यांना म्हटलं, चला, नवी बाग बघून येऊ. शेजारच्या इंजिनियरलाही घेतलं. नाक्यावरच्या बाकड्यापासून आजी निघाल्या, तो मोबाइलवर पावलं मोजत होता. घरापासून बाकडं त्यांना १४० पावलं. बाकड्यापासून कांसेची जागा १,३१०. मध्ये दोनदा बसल्या, एकदा बंद दुकानाच्या पायरीवर, एकदा कोणाच्या तरी ऍक्टिव्हावर. रस्ता ओलांडायला चार मिनिटं गेली, गाड्या थांबतच नव्हत्या. आणि शेवटी कांस आडवी. पलीकडे जायला फरशी टाकलेली, एका माणसापुरती, कठडा नाही.

आजी म्हणाल्या, "जागा छान मोठी आहे रे. इथूनच बघू."

इंजिनियर परत येताना काही बोलला नाही. रात्री त्याने एक तक्ता बनवून पाठवला. जुनी जागा, नवी जागा, पावलं, रस्ते किती ओलांडायचे, रात्री दिवे किती, पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, किती घरांच्या गॅलरीतून दिसते. क्षेत्रफळाचा रकाना सगळ्यात शेवटी टाकलाय.

रविवारी सकाळी सातला बागेत जमतोय, सगळं नीट मोजून नकाशावर घ्यायला. वडोदऱ्यातले जे येऊ शकतील त्यांनी यावं, पत्ता व्यनि करतो. नाश्त्याला सेव उसळ माझ्याकडून. मोठी टेप कोणाकडे आहे का?

दोन_मुलांची_आई · शुक्रवार, संध्याकाळी ६.४०

येते. पिवळ्या टीशर्टवालाही येईल. कडुनिंबाला मिठी मारायचं काम त्याला द्या, घेर मोजायला.

विटा_आणि_वाळू · शुक्रवार, संध्याकाळी ७.१०

लेव्हल मशीन आणतो. कांसेची जागा नाक्यापेक्षा किती खाली आहे ते फुटांत काढून देतो. माझं नाव मात्र कुठे घालू नका.

पेन्सिल_२एच · शुक्रवार, रात्री ८.००

टेप माझ्याकडे आहे, तीस मीटरची, जुनी कापडी. पहिला दीड मीटर तुटलेला आहे, तेवढा वजा करून वाचायचं. एकतीस वर्षं तसंच वाचलंय.

खवचट_खंडेराव · शुक्रवार, रात्री ८.१५

आता कळलं टीपीतल्या सगळ्या बागा दीड मीटर आखूड का आहेत. उसळ तिखट सांगा, येतोय.